इंदूरमध्ये घरच्यांना घेऊन जाण्यासारखे रूफटॉप बार आणि रेस्टॉरंट कोणते?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलात, मे महिन्यात लग्नाचा वाढदिवस आहे, सासू-सासरे त्या आठवड्यात इथेच असतील आणि त्यांना घेऊन गच्चीवरच्या एखाद्या बारमध्ये किंवा रेस्टॉरंटमध्ये जायचंय. इथपर्यंत सगळं छान. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "गच्ची बंदिस्त असली तरी चालेल, फक्त फोटो चांगले आले पाहिजेत." त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो. बंदिस्त गच्ची चालवून घेऊ नका. इंदूरमध्ये तर अजिबात नाही.

मी याच धंद्यातला. स्टुअर्ड, म्हणजे वेटर म्हणून लागलो, कॅप्टन झालो आणि पुढे विजयनगरकडच्या एका रूफटॉप रेस्टॉरंटमध्ये फ्लोअर मॅनेजर होतो. चौथ्या मजल्यावरची गच्ची, बारचं लायसन्स, तंदूर वरच, बाकी किचन खालच्या मजल्यावर. मालक मराठीच, आमच्या दूरच्या नात्यातले. मी त्यांना दादा म्हणतो. बोलणं बंद झालेलं नाही, पण आमचं भांडण अजून मिटलेलंही नाही.

पहिल्या वर्षी गच्चीवर कठडा, टेबलं, कुंड्या, पिवळे बल्ब आणि आकाश, एवढंच होतं. माणसं त्यासाठीच यायची. "सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा", म्हणजे बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं आणि ते खरं आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्यामुळे अंधार पडला की उष्मा टिकत नाही. पश्चिमेकडून वारा सुटतो आणि दहाच्या सुमाराला माणूस आपोआप शांत बसतो. माझं लहानपण रामबागेत गेलं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशीची वाफ निघून जाऊ द्यायची आणि मग गाद्या टाकायच्या. ज्या शहरात सगळा उन्हाळा माणसं आकाशाखाली झोपत आली, तिथे गच्चीवर छत घालून एसी लावणं मला पटत नाही. तेव्हाही पटलं नव्हतं.

दादांची अडचण मला कळत होती. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत उघड्या गच्चीवर धंदा होत नाही, भाडं मात्र बारा महिन्यांचं. म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर पॉलिकार्बोनेटचे पत्रे आले. मग वारा लागतो म्हणून बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे. पडदे भकास दिसतात म्हणून बांबूच्या जाळ्या आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या वेली. शेवटी फोमचे सोफे आणि एसी. चारही बाजू बंद झाल्यावर तो चौथ्या मजल्यावरचा एक हॉल झाला. बोर्डावर मात्र रूफटॉपच.

आणि मागचा जिना. पुढून लिफ्ट आणि रुंद जिना, मागून माल चढवायचा अरुंद लोखंडी जिना. मागच्या जिन्यावर काय काय ठेवलेलं असायचं! बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, मोडक्या खुर्च्या, डिस्पोजेबलचे खोके, कधी कधी जादाचा गॅस सिलिंडर. मी रोज सर्व्हिसच्या आधी म्हणायचो, "दादा, जिना मोकळा पाहिजे." ते म्हणायचे, "अरे, गिऱ्हाईक जिना बघायला येतं का? गिऱ्हाईक व्ह्यू बघायला येतं."

मी त्यांना कमला मिलचा दाखला दिला होता. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. भाजून नाही, बहुतेक जण धुराने गुदमरून. कित्येक जण आसरा म्हणून स्वच्छतागृहात शिरले होते. दादा म्हणाले, "ते मुंबईत." इंदूरच्या माणसाने असं म्हणावं! इथल्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, आणि १९८४ च्या दंगलीत ते लाकूड कसं जळालं हे या शहरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दादांचं घर तिथून चालत जाण्यासारखं.

डिसेंबरमधला शनिवार होता. एक मोठी वाढदिवसाची पार्टी आणि शिवाय नेहमीची टेबलं. आकडा बघून मी दुपारीच चार पोरांना हाताशी धरून मागचा जिना रिकामा केला. दादा चिडले होते. भंगारवाला रविवारी येणारच आहे, आजच कशाला, असं त्यांचं म्हणणं.

रात्री केक आला. त्याच्यावर ते अनारासारखं उडणारं फुलबाजं लावतात ना, ते एका मुलाने व्हिडिओसाठी उचलून डोक्यावर धरलं. वरची वेल पेटली. प्लॅस्टिकची वेल कशी पेटते हे मी अगदी जवळून पाहिलंय. पान आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि त्याचे थेंब पेटलेलेच खाली पडतात. ते सोफ्यावर पडले. ज्वाला फार मोठी नव्हती, आधी तर लोक टाळ्याच वाजवत होते. पण फोमचा धूर काळा आणि दाट. उघड्या गच्चीवर तो वर निघून गेला असता. इथे वर पत्रा. धूर पत्र्याला चिकटून आडवा पसरला आणि मग खाली उतरायला लागला. बघता बघता पिवळे बल्ब दिसेनासे झाले.

माणूस ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने बाहेर धावतो. सगळे लिफ्टकडे धावले. आमचा एक स्टुअर्ड लिफ्टच्या दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि ओरडत होता, "भिया, लिफ्ट नहीं! पीछे से, पीछे से!" मी मागच्या जिन्याच्या तोंडाशी होतो. आधी आज्या, मग पोरं, मग बाकीचे, असे एका ओळीत उतरवले, कारण त्या जिन्यावर दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत. तिकडे तंदूरच्या उस्तादाने कणकेवर झाकलेलं ओलं पोतं सोफ्यावर टाकलं, एका पोराने फायर एक्स्टिंग्विशर मारलं आणि उस्तादाने सुरीने बाजूचा पडदा फाडला. पडदा फाटला तसा धूर बाहेर गेला. जिना मोकळा होता आणि पडदा फाडणारा माणूस जाग्यावर होता, म्हणून सगळे वाचले. एका स्टुअर्डचं मनगट भाजलं, बाकी कुणाला काही नाही.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "बघ, काही झालं का?" त्याच आठवड्यात क्रेट परत जिन्यावर आले. मी नोटीस दिली. आजही घरच्या कार्यात, पंगतीत चार माणसांसमोर ते सांगतात की एवढ्याशा आगीला घाबरून याने चांगली नोकरी सोडली. मी घाबरलो नव्हतो. मी त्या जिन्यावरून माणसं उतरवली होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. नावांची यादी देत नाही, कारण गच्चीवरच्या जागा फार लवकर हात बदलतात. तेच नाव, तीच गच्ची, पण मालक आणि उस्ताद दोन्ही नवे. भाग सांगतो. विजयनगर, स्कीम ५४, एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता) आणि स्कीम ७८ च्या पट्ट्यात अशा जागा सगळ्यात जास्त. बायपासकडे वारा उत्तम, पण परतीला रिक्षा सहज मिळत नाही, त्यामुळे तिकडे स्वतःची गाडी आणि न पिणारा ड्रायव्हर हवा. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या भागात गच्चीवरची हॉटेलं मला पसंत नाहीत. गल्ल्या इतक्या अरुंद की अग्निशमनाची गाडी शिरणार कुठून?

भाग ठरला की फोन करून तीन गोष्टी विचारा. वर छप्पर आहे का, आणि असेल तर बाजू उघड्या आहेत का. खाली उतरायला दुसरा जिना आहे का. केकवर फुलबाजं लावू देतात का. तिसऱ्या प्रश्नाला उत्साहाने "हो" आलं तर दुसरी जागा बघा. पोहोचल्यावर बसायच्या आधी मागचा जिना स्वतः जाऊन बघा. मॅनेजर तोंड वाकडं करेल, करू दे. चांगला मॅनेजर स्वतःहून दाखवतो. मी दाखवायचो.

मे महिन्यात सूर्यास्त बघायला म्हणून जाऊ नका. सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, पण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा खालून भाजत असतो. साडेआठनंतरचं टेबल घ्या. सूर्यास्ताची गच्ची नोव्हेंबर ते फेब्रुवारी. टेबल कठड्याजवळचं मागा, पण तंदूरच्या चिमणीच्या पूर्वेला नको, कारण उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा आणि सगळा धूर तुमच्या ताटात.

जेवणाचं म्हणाल तर गच्चीवर तंदूरचंच खा. पनीर टिक्का, कबाब, रोटी. रोट्या एकदम सांगू नका, दोन-दोन मागवा, वाऱ्यात पाच मिनिटांत चामट होतात. ग्रेव्ह्या खालच्या किचनमधून माल चढवायच्या लिफ्टने येतात आणि गर्दीच्या वेळी तिथेच निवतात. गोड वर खाऊच नका. जेवण आटोपून सराफ्यात जा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. सासूबाईंना मावा बाटी किंवा जलेबा खिलवा, आणि इंदुरी शिकंजी. पुण्याहून येणाऱ्याला ती लिंबाची वाटते. इथली दुधाची, दाट, सुकामेवा घातलेली असते.

बारचं थोडक्यात. मध्य प्रदेशात रेस्टॉरंटचं बार लायसन्स एफएल-२ आणि हॉटेलचं एफएल-३. दोन्ही नसेल तिथे कपात घालून "गुपचूप" देणाऱ्यांकडे बसू नका. वयाची अट २१ वर्षांची. शनिवारी डीजे असतो, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून बऱ्याच जागा आठ ते दहा आवाज टिपेला नेतात. सासरे सोबत आहेत तर मंगळवार-बुधवार गाठा. ते घेत नसतील तर बार काउंटरपासून लांबचं टेबल आधीच सांगून ठेवा.

सगळीच छपरं वाईट असतात असं नाही. सरकणारं छप्पर असेल, बाजू उघड्या असतील, सजावट कापडाची आणि खऱ्या झाडांची असेल तर जरूर बसा. दादांनाही मी तेव्हा हाच पर्याय सुचवला होता. खर्च जास्त होता, पण त्यांनी नंतर सोफे बदलण्यावर घातला त्यापेक्षा फार नव्हता. तुम्ही आणि तुमच्यासारखी आणखी काही गिऱ्हाइकं टेबल घेण्याआधी जिना बघायला लागली, तर "गिऱ्हाईक जिना बघायला येतं का" हा प्रश्न विचारायची कुणाची हिंमत होणार नाही. हिवाळ्यात मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पडदे बंद आणि आत कोळशाची शेगडी असेल तर क्षणभरही बसू नका. त्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर फोनवर हेही विचारा की लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते का. बहुतेक इमारतींत ती एक मजला खालीच थांबते आणि शेवटचा जिना चढावा लागतो. आणि त्यांना उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर फिरवायचा बेत असेल, जो असणारच, तर तिथे बार शोधू नका. १ एप्रिल २०२५ पासून या तिन्ही ठिकाणी दारूविक्री बंद आहे. तुमच्या लग्नाचा वाढदिवस इंदूरमध्येच साजरा करा आणि टेबल आधी फोन करून राखून ठेवा, कारण मे महिन्यात उघडी गच्ची आयत्या वेळी मिळत नाही.