आतली कडी काढून टाका

प्रश्न : मी 76 वर्षांची निवृत्त शिक्षिका. सांगलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. स्वयंपाक, बाजार, बँक सगळं माझं मी करते. मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठायला फार वेळ लागला. तेव्हापासून बेंगळुरूचा मुलगा मागे लागलाय की घर विक आणि इकडे ये. मुलगा-सून चांगली आहेत, पण माझ्या मैत्रिणी, डॉक्टर, भजनी मंडळ सगळं इथं आहे. वृद्धाश्रमातही जायचं नाही. घरी राहूनच काही मदत मिळू शकेल का?

उत्तर : बाई, मिळेल. तुम्ही सांगलीतच राहावं असं मलाही वाटतं. पण मुलाची काळजी खोटी नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून रुग्णालयात काम करताना पाहिलं, पडण्यापेक्षा पडून राहणं वाईट. कुणाला पत्ता नाही, घोटभर पाणी नाही, अंगाखाली ओली फरशी. म्हणून रोज सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत ‘बाई उठल्या’ हे कुणाला तरी कळलंच पाहिजे. बाकीच्या सोयी त्यानंतर.

शेजारी किल्ली द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदत गटातल्या एका आजोबांची किल्ली शेजारी होती. ते पडले, शेजारी धावले, कुलूप उघडलं, दार हलेना. आजोबांनी सवयीनं वरची कडी आतून लावली होती. सुतार येऊन दार तोडेपर्यंत आतून त्यांचं कण्हणं ऐकत सगळे जिन्यात उभे. तुमच्या दाराची ती कडी काढून टाका आणि बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅच ठेवा. बाथरूमलाही आतून कडी नको. एकट्या माणसाला तिथं आडोसा कुणापासून हवाय? कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्की दांडी बसवून घ्या. डॉक्टरांना बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी तपासायला सांगा. उठताना बीपी उतरलं तर चक्कर येते, आणि कधी कधी ते गोळ्यांमुळे असतं.

आता सकाळची खबर. मला डबेवालीची पद्धत सगळ्यात पटते. स्वयंपाक तुम्ही करता, तरी एका वेळचा डबा लावा. एकट्या बाईचं जेवण हळूहळू चहा-खारीवर येतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की यावर मी हट्ट धरते. डबा घेऊन येणारी रोज तुम्हाला डोळ्यांनी पाहते. दार उघडलं नाही तर कुणाला फोन करायचा, तो नंबर तिच्या मोबाइलमध्ये तुम्ही स्वतः घालून द्या. ‘कशाला कुणाला त्रास’ म्हणून हे टाळू नका. चार वर्गांच्या मुलांना शिस्त लावलीत, एका डबेवालीला सांगायला भीड कसली?

तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासद व्हा. आठवड्यात दोनदा गेलात की तिसऱ्यांदा न गेल्यावर फोन येतो. पोलीस ठाण्यातही नाव नोंदवा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायला सांगितलं आहे. यादीत नाव आलं म्हणजे शिपाई दारी येईलच असं नाही. संघातर्फे पाठपुरावा केला तर येतो.

14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन. योजना, कायदा, छळ, मनाची घालमेल, कशाबद्दलही तिथं बोलता येतं. पण पडलात तर तिथं नाही, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112. तिन्ही नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा.

बँकेच्या रांगेत उभं राहू नका. सत्तरीपुढच्या ग्राहकांना ठरावीक सेवा घरपोच द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच सांगितलंय, शाखेत विचारा. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला थोड्या शुल्कात पोस्टमन घरी येऊन काढून देतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, पण योजनेतल्याच रुग्णालयात आणि दाखल झाल्यावर. देखभालीसाठी घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. तो खर्च मुलाशी आत्ताच बोलून ठेवा. ब्युरोकडून कुणाला ठेवलंत तर पोलीस पडताळणी करून घ्या, आणि एटीएमचा पिन कुणालाही नको.

घर मात्र घाईनं विकू नका. उद्या मुलाच्या नावे करायचं ठरलंच, तर ‘सांभाळ करीन’ ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. ती मोडली तर त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली हस्तांतर रद्द करून मागता येतं. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे, सगळ्यांनीच असं करावं म्हणून सांगते.

आणि मुलाला नुसतं ‘नाही’ म्हणू नका, काम द्या. दांड्या बसवायला त्यालाच बोलवा. शेजारी, डॉक्टर, डबेवाली यांचे नंबर त्याच्याकडे असू द्यात, रात्रीचा फोन त्याचा. रात्री एकटीनं उठणं जमेनासं झालं, औषधं चुकायला लागली, तर बेंगळुरूचा विचार पुन्हा करू, असं त्याला आजच सांगा.