शिंकलं की लघवी होते आणि डॉक्टरांनी स्लिंग सांगितली आहे. जाळीची पट्टी बसवावी का?

ताई, तुमचं वय ४७, दोन नॉर्मल बाळंतपणं, शिंकलं की कपडे ओले, आणि जाळीची धास्ती. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षांपूर्वी याच ऑपरेशनला सामोरी गेलेय.

आधी बघा, खोकताना, बादली उचलताना गळतं की अचानक घाई लागून बाथरूम गाठेपर्यंत सुटतं? स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी, पहिल्या त्रासासाठी. दुसऱ्यावर ती चालत नाही, कधी कधी घाई वाढतेही. मला डॉक्टरीणबाईंनी भरल्या मूत्राशयानं उभं राहून खोकायला लावलं. पायावर ओघळ आला, मला रडू फुटलं, आणि त्या म्हणतात, "छान, हेच बघायचं होतं!"

तीन महिने कीगल व्यायाम, म्हणजे लघवी अडवायचे स्नायू आवळून सोडायचे, केलेत का? दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठदा आवळायचं. मी आधी नुसतं पोटच आवळत होते, फिजिओथेरपिस्टनं दाखवल्यावर कळलं.

आता पट्ट्या. टीव्हीटी ही जाळीच्या पट्टीची पद्धत स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेननी १९९६ मध्ये मांडली. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची जाळीदार टेप मूत्रमार्गाखालून जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) मागून वर ओटीपोटात काढतात. सुई मूत्राशयाला लागू शकते, म्हणून दुर्बिणीनं तपासतात. टीओटी या दुसऱ्या पद्धतीत तीच टेप जांघेतून निघते. मूत्राशयाचा धोका कमी, पण जांघ-मांडी दुखू शकते. २०१० च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वर्षभरानंतरच्या तपासणीत टीव्हीटीसारख्या पट्टीचं यश ८०.८ आणि टीओटीसारखीचं ७७.७ टक्के, म्हणजे उन्नीस-बीस. छोटी मिनी-स्लिंगही मिळते. तिचा गुण तितकाच येतो, पण संबंधांच्या वेळी दुखण्याची तक्रार जास्त दिसली. हे विचारायला लाजू नका.

जाळीची भीती अगदीच खोटी नाही. टेपमध्ये आपलं मांस रुजतं, म्हणून ती धरते आणि म्हणूनच काढायला अवघड. थोड्या बायकांत ती योनीमार्गात उघडी पडते. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून तिच्यावर कडक निर्बंध आले. पण अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यावरच्या योनीमार्गातल्या जाळ्यांची, या टेपची नाही. लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

मी स्वतःच्या फॅशियाची पट्टी घेतली. पोटाच्या स्नायूवरचं पांढरं, चिवट आवरण कापून तीच खाली बसवतात. आत प्लॅस्टिक नाही, पण पोटावर छेद आला. नऊ दिवस कॅथेटर होता आणि अजूनही पुढे वाकल्याशिवाय लघवी पूर्ण होत नाही. नणंदेनं टीओटी केली, दुसऱ्या दिवशी घरी, आजही ठणठणीत. त्यामुळे माझंच करा असं म्हणणार नाही.

सर्जनला विचारा, वर्षाला यातली कोणती किती करता? आणि टेप बिघडली तर काढणार कोण? माझ्या पहिल्या डॉक्टरांनी दुसऱ्या प्रश्नावर विषय बदलला, मी डॉक्टर बदलले.

हो, नंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही, हे घरच्यांना आधीच बजावून ठेवा. घरी आल्यावर चौथ्याच दिवशी मला गव्हाचा डबा सरकवायला सांगितलं होतं.