पहिल्यांदाच हुरडा भाजताय? मग एवढं बघा

मुलाबाळांना घेऊन शेतावर जाताय आणि आगटीपाशी स्वतः बसणार म्हणताय, तर बिनधास्त बसा. अवघड काही नाही, फक्त घाई नको.

सुरुवात ज्वारीच्या कणसापासून. दाणा नखाने दाबा. पांढरं दूध उडालं तर कोवळा, नख रुतत नसेल तर जून. हिरवट, मऊ, दाबल्यावर चिकट गर येणारा दाणा हवा. सुरती किंवा गुळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीच्या जाती, त्या मिळाल्या तर सोनं! डिसेंबर-जानेवारीत जा, संक्रांत उलटली की दाणा भराभर टणक होतो.

नवखे हमखास चुकतात ते विस्तवात. वीतभर खोल खड्डा करा, गोवऱ्या रचून पेटवा आणि जाळ पूर्ण बसू द्या. अर्धा तास तरी जातो. ज्वाळेवर कणीस धरलं तर वरून करपतं, आत कच्चं राहतं. रॉकेल तर नकोच, वास दाण्यात उतरतो.

मग:
- एका वेळी चार-पाचच कणसं, दांडा बाहेर ठेवून निखाऱ्यात खुपसा, फिरवत राहा.
- दोन-तीन मिनिटांत काढा आणि गरम असतानाच गोणपाटावर चोळा. गार झालं की दाणा सुटत नाही.
- सुपात पाखडा. कूस, म्हणजे दाण्याला चिकटलेलं बारीक टोकदार तूस, घशात टोचते, मुलांना देण्याआधी नीट बघा.

सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सुती कपडे घाला, नायलॉनवर ठिणगी पडली की भोक. आणि उठताना आगटीवर पाणी ओता, राखेखाली निखारा बराच वेळ जिवंत असतो.