वाचकांचे प्रश्न : साखरेचा आकडा आणि त्याचा अर्थ

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या आठवड्यात जेवणानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर 212 आली, आणि लगेच प्रयोगशाळेत दिलेल्या रक्तात ती 178 निघाली. यातला खरा आकडा कोणता? ग्लुकोमीटर बदलावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्या फरकावरून ग्लुकोमीटर टाकून देण्याचे कारण नाही. बोटाच्या टोकाला येते ते केशवाहिन्यांतले रक्त असते, तर प्रयोगशाळेत शिरेतले रक्त घेतात. उपाशीपोटी या दोन्हींतली साखर जवळपास सारखी असते. जेवणानंतर मात्र शिरेकडे परतण्यापूर्वीच स्नायू आणि इतर पेशी रक्तातली काही साखर उचलतात, त्यामुळे बोटाचा आकडा वीस-तीस अंकांनीही जास्त येऊ शकतो. यंत्राची स्वतःची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर 100 किंवा त्याहून अधिक असेल तर शंभरातील पंचाण्णव मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के आत असल्या की यंत्र चांगले मानले जाते. शिवाय प्रयोगशाळेचा आकडाही नेहमी निर्दोष नसतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि दर तासाला ती सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. म्हणून रक्त फ्लोराइड घातलेल्या, करड्या टोपणाच्या नळीत घेतात आणि शक्य तितक्या लवकर तपासतात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या व्यक्तीला हे विचारण्यात संकोच बाळगू नका.

तुमच्या हातात आहे ती मोजण्याची पद्धत. केळे किंवा आंबा सोलल्यावर हात न धुता बोट टोचले, तर कातडीवरच्या रसातली साखर पट्टीवर उतरते आणि आकडा भलताच वाढतो. केवळ स्पिरिटचा बोळा फिरवून ती पूर्णपणे जात नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटाच्या कडेला टोचावे आणि बोट जोराने पिळू नये. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात. उपाशीपोटी रक्त देताना त्याच वेळी घरच्या यंत्रावरही साखर पाहावी, कारण खरी तुलना तेव्हाच होते. त्या वेळीही मोठा फरक वारंवार पडत असेल, तर यंत्र अवश्य बदलावे.

प्रश्न : माझे वय 34 आहे. आरोग्य शिबिरात माझे एचबीएवनसी 6.6 आले आणि मला मधुमेह झाल्याचे सांगण्यात आले. उपाशीपोटीची साखर मात्र 94 आहे. हिमोग्लोबिन 8.5 असून लोहाची कमतरता सांगितली आहे. गोळ्या सुरू कराव्यात का? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : एवढ्यावरून तुम्हाला मधुमेह आहे, असे मी म्हणणार नाही. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतो, आणि त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. 5.7 च्या खाली असल्यास तो निरोगी, 5.7 ते 6.4 पूर्वमधुमेहाचा आणि 6.5 किंवा त्याहून अधिक असल्यास मधुमेहाचा मानतात. मात्र हा हिशेब पेशींचे आयुष्य नेहमीसारखे असेल तरच लागू पडतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा साखर न वाढताही फुगू शकतो. उलट सिकलसेल आजारात पेशी लवकर नष्ट होत असल्याने तो फसवा कमी येतो. हा आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळत असल्यामुळे तुमच्या जिल्ह्यात ही शक्यताही विसरून चालणार नाही. नुकतेच रक्त चढवले असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल, तरीही या तपासणीवर भिस्त ठेवू नये.

लक्षणे नसताना मधुमेहाचे निदान एका आकड्यावर करत नाहीत. दोन आकडे मर्यादेपलीकडे असावे लागतात. तुमची उपाशीपोटीची साखर 100 च्या आत, म्हणजे निर्दोष आहे. तेव्हा 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी करून घ्या. तिच्यात 140 च्या आत निरोगी, 140 ते 199 पूर्वमधुमेह आणि 200 पासून पुढे मधुमेह समजतात. तपासणीपूर्वी तीन दिवस भात-भाकरी नेहमीप्रमाणे खावी, कारण त्या दिवसांत पिष्टमय पदार्थ बंद केल्यास आकडा उलट वाढू शकतो. त्या दोन तासांत बसून राहावे. रक्तक्षयाचे उपचार मात्र आजच सुरू करा आणि हिमोग्लोबिन सुधारून काही महिने लोटल्यावरच एचबीएवनसी पुन्हा पाहा.

प्रश्न : तपासणीच्या आधी आठवडाभर वडील भात आणि गोड बंद करतात. त्या दिवशी सकाळची गोळीही घेत नाहीत आणि जेवणानंतरच्या तपासणीला दोन बिस्किटे खाऊन जातात. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, आणि हे फार घरांत चालते म्हणून मी ते आग्रहाने सांगतो. डॉक्टर त्या आकड्यावरून गोळीची मात्रा ठरवतात. आठवडाभराच्या पथ्याने खाली आणलेला किंवा गोळी चुकवून वर गेलेला आकडा वडिलांच्या नेहमीच्या आयुष्याबद्दल काहीच सांगत नाही. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काही न घेता उपाशीपोटीचे रक्त द्यावे. मग नेहमीचाच नाश्ता किंवा जेवण नेहमीच्या औषधासह घ्यावे आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजावेत, जेवण संपल्यापासून नव्हे. गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसीत उरतोच. शेवटच्या आठवड्याचे पथ्य तो फारसा बदलत नाही. साखर आटोक्यात असेल तर ही तपासणी वर्षातून दोनदा आणि नसेल तर दर तीन महिन्यांनी करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरी वारंवार मोजायलाच हवे. घाम, थरथर किंवा घाबरल्यासारखे वाटून साखर 70 च्या खाली दिसली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे.

प्रश्न : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. सरकारी दवाखान्यात तिला उपाशी नसताना ग्लुकोज पाजून रक्त घेतले. ही तपासणी ग्राह्य आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : होय. गरोदरपणासाठी आपल्याकडे ही एकटप्पी पद्धत मान्य आहे. उपाशी असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर 140 किंवा अधिक आली, तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. आता निर्दोष आली असली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी. मधुमेह निघाल्यास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणखी एकदा तपासणी होते. पुष्कळ घरांत तीच राहून जाते.

प्रश्न : माझे वय 32, वजन 58 किलो. मी सडपातळ आहे. वडिलांना मधुमेह आहे. मला तपासणीची गरज आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी, सुमारे 2.7 किलो, आढळले. तरी त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. काट्यावर बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात चरबी लपलेली असू शकते, ती अशी. म्हणून वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत साखरेची प्राथमिक तपासणी होते. लघवीत साखर नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण रक्तातील साखर साधारण 180 च्या पुढे गेल्याशिवाय ती बहुधा लघवीत उतरत नाही. उपाशीपोटीची साखर 100 च्या आत आली तर तीन वर्षांनी, 100 ते 125 आली तर दर वर्षी आणि 126 किंवा अधिक आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त देऊन खात्री करून घ्या.