सरदार सरोवरात गाव बुडालेल्या आदिवासींना पाच एकर जमीन, घर, शाळा सगळं मिळालं, मग ते अजून नाराज का? त्या जंगलात असं काय ठेवलंय? आणि परत जा म्हटलं तर जातील का?

माझं नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यात बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. आसपासच्या नर्मदा वसाहतींमधली, म्हणजे या विस्थापितांना जिथे वसवलं तिथली, बरीच घरं माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे हे उत्तर उधारीच्या वहीतून आलंय असं समजा.

‘सगळं मिळालं’ यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. कोयनेच्या धरणग्रस्तांची जी परवड झाली तिच्यापुढे नर्मदेच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादाचा १९७९ चा निवाडा फार पुढचा होता. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाणार त्याला किमान दोन हेक्टर (म्हणजे सुमारे पाच एकर) जमीन, तीसुद्धा ओलिताची, आणि सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. महाराष्ट्रातली ३३ गावं यात आली, अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४. मध्य प्रदेशात पुढे जमिनीऐवजी रोख रकमेची वाट काढली गेली आणि त्यातून बनावट खरेदीखतांचा एवढा घोळ झाला की चौकशीला न्यायमूर्ती झा आयोग बसवावा लागला. आपल्याकडे ज्यांना मिळाली त्यांना निदान पायाखाली जमीन मिळाली.

आता ही पाच एकर कशाच्या बदल्यात आली ते बघा. नर्मदाकाठच्या डोंगरात एका घराचं पोट सातबाऱ्यावर कधीच नव्हतं. नावावर थोडी जमीन, बाकी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पण वनखात्याच्या लेखी ‘अतिक्रमण’ असलेली. मोजणीत मोजली ती फक्त नावावरची, आणि ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याला आपण तिथले आहोत हेच आधी सिद्ध करावं लागलं. पण खरं घर चालायचं त्या पलीकडच्या गोष्टींवर. मोहाची फुलं, चारोळी, डिंक, तेंदूपत्ता. नदीचे मासे. पाणी उतरलं की काठच्या गाळात लावलेली डांगरं आणि भाजी. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून खडकावर वाळवायच्या आणि आमचूर धडगावच्या बाजारात न्यायचा, तेवढेच रोख पैसे. गुरांना चारा विकत घ्यायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. घराला साग आणि बांबू जंगलातला, आणि घर उभारायला किंवा निंदणीला ‘लाह’ बोलवायची: सगळा पाडा येणार, मजुरी नाही, जेवण द्यायचं आणि पुढच्या वेळी आपण त्यांच्याकडे जायचं.

यातलं एकही नुकसानभरपाईच्या तक्त्यात बसत नाही. आणि वसाहतीत आल्यावर या प्रत्येक गोष्टीला पैसे पडायला लागले. सरपणाला पैसे, चाऱ्याला पैसे, निंदणीला मजुरी. मग पैसा आणणारं पीक घ्यायला हवं म्हणून कापूस, आणि कापूस म्हटला की माझ्या दुकानाची पायरी चढणं आलं. बियाण्याचं पाकीट, युरिया, फवारणी, सगळं पेरणीआधी आणि बहुतेक उधार. मी धंदा करतो, तक्रार करत नाही. पण ज्या माणसाने जन्मभर कणगीतलं बी पेरलं त्याला दर जूनमध्ये माझ्यासमोर उभं राहावं लागतं, याला ‘सगळं मिळालं’ म्हणताना मला जड जातं.

एकदा एक म्हातारे बाबा ज्वारीचं बियाणं घ्यायला आले होते. मी पाकीट फोडून दाखवलं. औषध लावलेलं गुलाबी बी. त्यांनी तळहातावर घेतलं, वास घेतला आणि विचारलं, “शेठ, पाऊस नाहीच आला तर हे खायचं कसं?” मी म्हटलं, “बाबा, हे खायचं नसतं, विषारी आहे.” त्यांनी दाणे परत पाकिटात ओतले, हात पँटला पुसला आणि म्हणाले, “मग अर्धंच दे.” डोंगरात बियाण्याचं धान्य हे शेवटच्या दिवसांचं धान्यही असायचं. मोर आणि भादी ही भरडधान्यं, ज्वारी, मका, तूर एकाच उतारावर मिसळून पेरायची, त्यातलं काही ना काही हाती लागायचंच.

दुसरी गोष्ट वाटण्यांची. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला, पण ठरलेल्या तारखेला जो सज्ञान होता तोच. त्या वेळी पाच-सात वर्षांचा असलेला पोरगा आज बापही झालाय आणि त्याच्या वाट्याला बापाच्या पाच एकरांतला तुकडा आहे. डोंगरात पोरगा मोठा झाला की शेजारच्या टेकडीवर घर बांधायचा. वसाहतीत प्लॉट आखलेले, पुढे रस्ता, मागे दुसऱ्याचं कुंपण. सामाईक सातबाऱ्यावर पीककर्ज काढायचं तर सगळ्या भावांच्या सह्या जमवा. यामुळेच कितीतरी पोरं दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात. शेत कधी खंडाने दिलेलं असतं, म्हणजे मालक ऊस तोडायला बारडोलीकडे आणि त्याच्या शेतात दुसऱ्याची केळी.

आणखी एक बाजू सहसा कुणी सांगत नाही. तळोद्यातली पुनर्वसनाची जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. १९९० मध्ये त्यासाठी सुमारे २,७०० हेक्टर जंगल सोडलं गेलं आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीवर इथलेच भूमिहीन आदिवासी नांगर धरून होते. म्हणजे एका आदिवासीला बसवायला दुसऱ्याला उठवलं. सुरुवातीची भांडणं त्यावरून झाली. आमच्या दुकानात दोन्हीकडचे लोक येतात, आता जमतं त्यांचं, सोयरिकीही होतात, पण पूर्ण विसरलेलं नाही कुणी.

देवांचंही सांगतो, कारण तुम्ही ‘जंगलात असं काय ठेवलंय’ असंही विचारलंय. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं मंदिर बुडालं तेव्हा गुजरातेत गोरा गावी नवीन मंदिर बांधून दिलं गेलं. वाघदेव, गावदेव यांचं मंदिरच नसतं. झाड असतं, दगड असतो, डोंगराचा सुळका असतो. त्यांचं स्थलांतर कोणत्या अधिकाऱ्याने करायचं? शिवाय नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरातेत सगळे सोयरे. होडीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं अंतर. आता एक भाऊ तळोद्यात, बहीण बडोदा जिल्ह्यातल्या कुठल्यातरी वसाहतीत, आणि मामा अजून वरच, पाण्याच्या कडेला.

वर डोंगरातच राहिलेल्यांची अवस्था वेगळी. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. काही टेकड्यांची बेटं झाली, दवाखाना बोटीतून येतो. धरणाच्या १४५० मेगावॅटमधला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, आणि त्याच पाण्याच्या काठावरच्या कित्येक पाड्यांनी वर्षानुवर्षं विजेचा खांब पाहिला नाही. हे वाचून कुणाला राग येत असेल तर तो माझ्यावर काढू नका.

परत जातील का? म्हातारे विचारल्याबरोबर हो म्हणतील. जायचं कुठे हा प्रश्न, गाव पाण्याखाली आहे. तरुण नाही जाणार. त्यांच्याकडे मोटारसायकल आहे, मुलं शहाद्याच्या कॉलेजात आहेत, काहींची मिरची आणि पपई माझ्या जुन्या बागायतदार गिऱ्हाइकांच्या तोडीची येते. होळीला मात्र वसाहतीतून भरभरून गाड्या डोंगराकडे निघतात, आणि इंदल, म्हणजे नवसाची मोठी पूजा, घालायचा असेल तर वरच्या भावकीला बोलावल्याशिवाय होत नाही. ही पोरं माझ्याकडे बसून बोलतात ते परत जाण्याबद्दल नसतंच. कूपनलिका आटली ती कोण खोल करून देणार, ज्या भावाचं नाव यादीत आलं नाही त्याच्या अर्जाचं काय झालं, प्लॉटचा कागद नावावर कधी होणार, असल्या चौकशा. त्यांच्या हक्काची जमीन मिळाली म्हणून विषय संपला असं ठरवणारे आपण, त्यांची फाइल अजून उघडीच आहे. तुमचा प्रश्न एखाद्या वसाहतीत जाऊन विचारा, फक्त जूनमध्ये नको, तेव्हा पेरणीची धांदल असते.