थंडीत गोठलेलं तेल, रवाळ तूप आणि बाकीचे प्रश्न

थंडी पडली की तेलाचे प्रश्न यायला लागतात, त्यातले काही आज घेतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात परत सांगायला नको. शेंगदाणा तेल, खोबरेल, तूप, डालडा हे सगळं मुळात एकाच घडणीचं आहे, ग्लिसरीनचा एक रेणू आणि त्याला जोडलेली तीन फॅटी अॅसिड्स. फॅटी अॅसिड म्हणजे कार्बनची साखळी. ती साखळी किती लांब आणि तिच्यात डबल बाँड (दोन कार्बनमधली दुहेरी जोडणी) किती, एवढं कळलं की तेल असं का वागतं ते बऱ्यापैकी कळतं.

प्रश्न: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं, डिसेंबरात बरणीच्या तळाशी पांढुरकं काहीतरी साचलं आणि तेल घट्टसर झालं. घाणेवाला म्हणतो थंडीमुळे, शेजारी म्हणतात पामतेल मिसळलंय. खरं कोणाचं? (नागपूर)

घाणेवाल्याचं खरं असायची शक्यता बरीच आहे. शेंगदाणा तेलात २०, २२ आणि २४ कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या थोड्या प्रमाणात असतातच, आणि नागपुरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास आला की आधी त्या असलेला भाग गोठतो. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, डबल बाँड आला की साखळीला बाक येतो आणि ती नीट बसत नाही, मोळीत एखादी वाकडी फांदी आली की अख्खी मोळी सैल होते ना तसंच. आकडे बघा, स्टिअरिक अॅसिड १८ कार्बनचं, डबल बाँड नाही, ते साधारण ७० अंशांना वितळतं. ओलेइक पण १८ कार्बनचंच पण एक डबल बाँड, ते १३-१४ अंशांना. लिनोलेइकमध्ये दोन, ते शून्याच्याही खाली उणे ५ ला. कार्बन तेवढेच, फरक फक्त बाकाचा!

पण म्हणून तेल शुद्धच आहे असंही गोठण्यावरून सिद्ध होत नाही, कारण पामतेलसुद्धा थंडीत गोठतं. फ्रीजमध्ये ठेवून भेसळ ओळखा असं जे फिरतं त्याला फारसा अर्थ नाही. खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गोठणारच, ते चांगलं की वाईट याचा त्याच्याशी संबंध नाही. खरंच शंका असेल तर थोडं तेल अन्नतपासणीच्या लॅबमध्ये द्या आणि आयोडीन व्हॅल्यू काढून घ्या. तेल किती आयोडीन शोषतं त्यावरून डबल बाँडचा अंदाज येतो. शेंगदाणा तेलाचा आकडा ८५ ते ९९ मध्ये यायला हवा, पामतेलाचा पन्नाशीच्या आसपास असतो, त्यामुळे बरंच मिसळलं असेल तर आकडा खाली येतो. थोडंच मिसळलं असेल तर मात्र फॅटी अॅसिड प्रोफाइल, म्हणजे कुठलं अॅसिड किती ते, काढावं लागतं. तोवर बरणी कोमट पाण्यात ठेवा, तेल नितळ होईल, चवीत काही बिघाड होत नाही.

प्रश्न: गावाकडून आलेलं तूप या वेळी रवाळ नाही, लोण्यासारखं गुळगुळीत आहे. व्हॉट्सअॅपवर आलंय की तुपात साखर आणि अॅसिड टाकलं आणि लाल झालं तर डालडा आहे. करून बघू का? (सातारा)

आधी रव्याचं सांगतो. तुपात लवकर गोठणारे आणि उशिरा गोठणारे असे दोन्ही प्रकारचे रेणू असतात. तूप गरम असताना कोपऱ्यात तसंच ठेवून दिलं आणि हळूहळू निवू दिलं की जास्त तापमानाला गोठणारे रेणू सावकाश एकत्र येतात आणि मोठे दाणे धरतात. तेच तूप कढवून लगेच फ्रीजमध्ये घातलं की असंख्य बारीक कण एकदम तयार होतात आणि तूप गुळगुळीत दिसतं. म्हशीच्या तुपात गोठणारा भाग जास्त म्हणून ते जास्त रवाळ. तर रवा नसणं म्हणजे भेसळ नव्हे, डबा वितळवून पुन्हा सावकाश निवू द्या आणि मग बघा.

आता त्या टेस्टबद्दल, कारण ती खरी आहे पण अर्धवट सांगितली जाते. तिचं नाव बोदुआँ टेस्ट, आणि ती डालडा ओळखतच नाही, ती ओळखते तिळाचं तेल! वनस्पती तूप (डालडा त्यातलाच) आपल्याकडे आलं तेव्हा ते साजूक तुपात बेमालूम मिसळलं जायला लागलं, दिसायला सारखं, रवाही धरणारं, मग नियम केला गेला की वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये साखरेपासून फरफ्युरालच्या जातीचं संयुग तयार होतं, ते तिळातल्या सेसमॉलशी जुळलं की गुलाबी-लाल रंग येतो. म्हणजे भेसळ करणाऱ्याच्या मालात सरकारने आधीच खूण घालून ठेवली होती, मला ही युक्ती फार आवडते. पण कोणी वनस्पतीऐवजी सरळ पामतेल किंवा प्राण्याची चरबी मिसळली तर रंग येणार नाही, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. शिवाय तीव्र अॅसिड घरात, मुलाबाळांत, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणू नका, खरंच नका.

लॅबमध्ये तुपाची ओळख वेगळ्या वाटेने पटते. तुपात ब्युटिरिक नावाचं अगदी छोटं, ४ कार्बनचं फॅटी अॅसिड असतं. खाण्याच्या कुठल्याही वनस्पती तेलात ते नसतं. वाफेबरोबर ते आणि त्याच्यासारखी बाकीची छोटी अॅसिड्स बाहेर काढून मोजतात, त्याला राइशर्ट-माइसल व्हॅल्यू म्हणतात. तुपाची पंचवीस-तिशीच्या घरात येते, खोबरेलाची ६ ते ८, बाकी तेलांची जेमतेम १. आणि तूप जुनं झाल्यावर जो उग्र वास मारतो ना, तो ह्याच सुट्या झालेल्या ब्युटिरिकचा.

प्रश्न: करडई तेल तब्येतीला चांगलं म्हणून चिवडा आणि शंकरपाळे त्यातच केले, पंधरा दिवसांत खवट वास यायला लागला. आई शेंगदाणा तेलात करायची तेव्हा महिनाभर टिकायचं. असं का? (सोलापूर)

कारण डबल बाँड. नेहमीच्या करडई तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक असतं, दोन डबल बाँडवालं, आणि त्या दोन बाँडच्या मधे जो कार्बन असतो ना त्याच्यावरचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. तो निघाला की तिथे ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड होतं, ते शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतं आणि हे पुढे पुढे जात राहतं, म्हणून खवटपणा एकदा सुरू झाला की भराभर वाढतो. शेवटी साखळ्या तुटून हेक्झानलसारखे छोटे रेणू सुटतात, नाकाला कळतो तो त्यांचा वास. ओलेइकच्या मानाने लिनोलेइक दहा-बारा पट वेगाने खराब होतं. शेंगदाणा तेलात ओलेइक जास्त, म्हणून आईचा चिवडा टिकला. त्यात चिवडा, शंकरपाळ्यांवर तेलाचा पातळ थर सगळीकडे पसरलेला, हवा लागायला जागाच जागा.

काय करायचं? करडई तेल रोजच्या फोडणीला वापरा, छोटी बाटली आणा आणि लवकर संपवा. टिकाऊ फराळ शेंगदाणा तेलात किंवा तुपात करा. डबा काठोकाठ भरलेला, उन्हापासून लांब. आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या डब्यात फराळ ठेवू नका, तांब्याचा अंश ही प्रक्रिया जोरात पळवतो. पितळी डबा वापरायचाच असेल तर कल्हई करून घ्या.

जाता जाता सुतारकाम करणाऱ्यांसाठी एक, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. जवसाच्या तेलात तीन डबल बाँडवालं लिनोलेनिक निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून ते लाकडावर लावलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि कडक पापुद्रा धरतं. ह्या प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: वडे तळून उरलेलं तेल किती वेळा वापरायचं? (डोंबिवली)

किती वेळा यापेक्षा किती वेळ आणि किती तापलं ते महत्त्वाचं. पिठाचे कण गाळून काढले, धूर येऊ दिला नाही तर एकदा तळलेलं तेल दोन-चार दिवसांत फोडणीला, भाजीला संपवायला हरकत नाही. फेस बसेना, तेल काळपट, चिकट झालं, नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला की टाका. तो डोळ्यांना झोंबणारा धूर अॅक्रोलिनचा, ग्लिसरीन जळून होतं ते. हॉटेलवाल्यांसाठी २०१८ पासून नियम आहे, तेलातली पोलर संयुगं (तापून तेल बिघडलं की होतात ती) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. टाकाल ते मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

प्रश्न: कोलेस्टेरॉल फ्री लिहिलेलं तेल महाग आहे, घ्यावं का? (लातूर)

त्या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं, शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन कुठल्याही वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. त्यापेक्षा डब्यावर ट्रान्स फॅटचा आकडा वाचा. वनस्पती तूप बनवताना तेलाला हायड्रोजन अर्धवट जोडला गेला की काही डबल बाँड तसेच राहतात पण त्यांचा बाक जातो, साखळी सरळ होते, तेच ट्रान्स फॅट, आणि हृदयाला ते नक्की वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्के आहे.

प्रश्न: घरी खोबरेलाचा साबण छान झाला, त्याच मापाने शेंगदाणा तेलाचा केला तर हात चरचरले. माप तर तेच होतं. (पेण)

माप तेच होतं हीच गडबड. तो साबण अजिबात वापरू नका, त्यात कॉस्टिक सोडा उरलाय. खोबरेलात मुख्य फॅटी अॅसिड लॉरिक, १२ कार्बनचं, साखळी आखूड म्हणून १०० ग्रॅम तेलात रेणू जास्त, त्याला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक लागतं. शेंगदाणा तेलाच्या साखळ्या बहुतेक १८ कार्बनच्या, वजन तेवढंच पण रेणू कमी, त्याला १३.५ ग्रॅमच पुरतं. तुमचे चारेक ग्रॅम उरले. प्रत्येक तेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, म्हणजे साबण व्हायला किती अल्कली लागते तो आकडा, वेगळी असते, ती बघूनच माप घ्यायचं आणि त्यातूनही ५ टक्के कॉस्टिक कमी घालायचं. कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर ओतू नका, अॅल्युमिनियमचं भांडं नको, हातमोजे-चष्मा हवाच.

तेलाच्या ह्या घडणीचा छडा साबणातूनच लागला. फ्रान्समध्ये मिशेल शेव्ह्रल नावाच्या केमिस्टने डुकराच्या चरबीच्या साबणापासून सुरुवात करून त्यातली अॅसिड्स एकेक करून वेगळी काढली, १८२३ मध्ये त्याचा ग्रंथ आला. १८२५ मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या केमिस्टबरोबर स्टिअरिक अॅसिडच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं, चरबीच्या धुरकट, घाणेरड्या वासाच्या दिव्यांतून लोकांची सुटका त्यातून झाली. माणूस १०२ वर्षं जगला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: सफरचंद खरवडलं की मेण निघतं, ते मेणबत्तीचं असतं का? (पुणे)

नाही. एकतर सफरचंदाला स्वतःचंच थोडं मेण असतं, आणि वरून लावायला मधमाशांचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) किंवा लाख चालते, तसं लेबल लावायचा नियम आहे. मेणबत्तीचं पॅराफिन पेट्रोलियममधून येतं, त्यात फॅटी अॅसिड नसतंच. मधमाशांच्या मेणात १६ कार्बनचं अॅसिड ३० कार्बनच्या अल्कोहोलला जोडलेलं असतं, ग्लिसरीन नाही, आपल्या पोटाला ते नीट फोडता येत नाही, बहुतेक तसंच बाहेर जातं. कोमट पाण्याने धुवा, पुसा, खा. कीटकनाशकांची काळजी हा वेगळा विषय, तो मेणाच्या नावावर नको.

प्रश्न: आजी टाचांच्या भेगांना भिरंडेल लावायची. ते दगडासारखं घट्ट पण टाचेवर चोळलं की विरघळतं. बाजारातली क्रीम चांगली की हेच? (वेंगुर्ला)

भेगांसाठी मी भिरंडेलच सांगेन. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, तेल वर तरंगतं, ते काढून निवताना मुठीत वळून गोळे करतात, काही ठिकाणी त्याला मुठेलही म्हणतात. बीच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल असतं. खासियत अशी की यातले बरेचसे रेणू एकाच ठशाचे, दोन कडांना स्टिअरिक आणि मधे ओलेइक. तुपात शंभर प्रकारचे रेणू म्हणून ते हळूहळू मऊ होत जातं, इथे सगळे एकसारखे म्हणून ३८-४० अंशांपर्यंत कडक राहतं आणि मग थोड्याच अंशांत सगळं वितळतं. अंगाची ऊब अधिक चोळण्याची उष्णता तिथवर पोचते. कोको बटरची घडणही अशाच धर्तीची, म्हणून युरोपियन युनियनच्या नियमांत चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पती चरबी चालतात त्यात कोकम आहे. आणि डबल बाँड कमी, म्हणून वर्षभर ठेवलं तरी सहसा खवटत नाही.

रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, गोळा थेट टाचेवर घासा आणि मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा डायबेटिस असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. विकत घेताना गोळा पांढरट-पिवळसर आणि कडक हवा, बोटाने सहज दबत असेल तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं असू शकतं.