बांगडा सोसतो, पाव अडकतो

मागच्या अंकात वजन उतरवायच्या ऑपरेशनवर सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला, म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच. नावं छापत नाही. अर्ध्याअधिक जणांनी ऑपरेशन घराबाहेर कुणाला सांगितलेलंच नाहीये आणि गोव्यात एका वाड्यावर कळलं की पुढच्या वाड्यावर किती टाके पडले तेही कळतं.

प्रश्न : ताई, माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. वजन छान उतरतंय, त्याबद्दल तक्रार नाही, पण जेवायचीच भीती बसलीय. सकाळी पाववाला पोदेर आला की वासानेच जीव कासावीस होतो, म्हणून अर्धा पाव चहात बुडवून घेतला तर छातीत मधोमध धोंडा ठेवल्यासारखं झालं, मग तोंडाला पाणी सुटलं आणि नुसता फेस बाहेर. भाताचं तेच, चिकनचं तेच, परवा तर तळलेला बांगडापण गेला नाही. सासूबाई म्हणतात पेज घे, ती जाते तेवढी, म्हणून सकाळ-रात्र पेजच चाललीय. केस मूठमूठ गळतायत. मला या सगळ्याची अॅलर्जी झालीय का, आणि ती आता कायमची का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : अॅलर्जी नाही हो. अॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. तुमचं जे होतंय ते जागेचं आणि वेगाचं भांडण आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. आधी तुम्ही अर्धवट चावून गिळलेलं जठर मिक्सरसारखं घुसळून घ्यायचं, आता ते काम दातांवर आलंय आणि दातांना ती सवय नाही. पाव तर यातला मोठाच लबाड, हाताला मऊ लागतो पण लाळेत भिजला की त्याचा कणकेसारखा गोळा होतो आणि तो वाटेत बसतो. भात मऊ शिजवला तर त्याचाही तसाच लगदा. म्हणून ताज्या पावापेक्षा तव्यावर कडक केलेली पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, बऱ्याच जणांना बरी जाते, तीही चतकोरच, आणि चहात न बुडवता.

बांगड्याचं ऐका. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांनीही बांगड्यावर कायमची फुली मारली होती. मी म्हटलं आठ दिवस वहीत लिहा, काय खाल्लं, कसं केलेलं होतं आणि किती मिनिटांत संपवलं. वहीत काय निघालं, तर हुमणातला, म्हणजे नारळाच्या आमटीतला, बांगडा तीनदा सुखरूप गेलेला, अडकला तो रव्यात तळून संध्याकाळी परत गरम केलेला, तोही उभ्याउभ्या, मुलाला ट्यूशनला सोडायच्या घाईत. म्हणजे गुन्हेगार बांगडा नव्हता, कोरडेपणा आणि घाई. परत गरम केलेल्या चिकनचंही बहुतेक असंच असतं. तेव्हा एखादा पदार्थ ‘सोसत नाही’ म्हणून टाकायच्या आधी तो ओला करून, वाटाण्याएवढा घास घेऊन, वीस-पंचवीस वेळा चावून, प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवून बघा. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, आणि पोटाने बस म्हटलं की बस, ताटात उरलेला एक घास कुणाच्याही समाधानासाठी खायचा नाही. मग तरीही अडलं तर तो पदार्थ तीन-चार आठवडे बाजूला ठेवा आणि परत एक चमचा घेऊन बघा. एका दिवशी नवीन गोष्ट एकच, आणि घरी असताना. पाचव्या महिन्यात अडणाऱ्या बऱ्याच गोष्टी वर्षभरात परत जायला लागतात.

जेवताना पाणी नको, जेवल्यावरही अर्धा तास नको. आपल्याकडे यात सोलकढी कुणी धरत नाही! जेवण संपता संपता वाटीभर सोलकढी म्हणजे पाणीच की, वर नारळाचं तेल आणि सोलांचा आंबटपणा, आणि स्लीव्हनंतर आम्लपित्त आधीच उसळतं. मधल्या वेळी घोट घोट पाणी मात्र दिवसभर हवं, एप्रिल-मे मधल्या घामात तर हवंच हवं.

आता पेज. सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका पण पेजेने तुम्हाला फसवलंय. ती सरसर उतरते म्हणून पोटाला ‘सोसते’ असं वाटतं, पण आत आहे काय, उकड्या तांदळाची चार शितं आणि पाणी. या ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं, पेज आणि आंब्याच्या लोणच्याच्या फोडीतून ते कुठून येणार. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे, आणि बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन आणि लोह कमी पडलं की ते गळणं लांबतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं. मुडदुशी, ल्हेपो असले मऊ मासे हुमणात किंवा वाफवून, दही, पनीर, घोटलेली मुगाची डाळ. ताटात आधी मासा, मग भाजी, जागा उरली तर भात, आपल्या सवयीच्या नेमकं उलट. माणक्या आणि तिसऱ्या रबरासारख्या असतात, सध्या राहू द्या. आणि सासूबाईंना पेज करायचीच असेल तर त्यात मूगडाळ घोटून घाला म्हणावं. पण मऊ पदार्थही अडायला लागले किंवा नुसतं पाणीच जात नसेल तर वही ठेवत बसू नका, नळी कुठे आकसली का ते दुर्बिणीने बघावं लागतं.

प्रश्न : वजनासाठी जठराचं बायपास होऊन दीड वर्ष झालं. चवथीला दुपारी जेवायच्या आधीच दोन पातोळ्या आणि वाटीभर मणगणें, म्हणजे चणाडाळीची खीर, खाल्लं, गुळाचं होतं, साखर मी घेत नाही. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात कळ, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात मी अर्धा तास बाथरूममध्ये. हार्टचं असेल म्हणून घाबरलो. शिवाय हल्ली दूध प्यालं की पोट गुडगुडतं, आधी कधी नव्हतं. – फोंडा

उत्तर : दादा, गूळ असो की साखर, आतड्याला दोन्ही सारखीच. याला डम्पिंग म्हणतात. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे गोड एकदम आतड्यात कोसळतं, ते पातळ करायला शरीर तिकडे पाणी ओढतं, त्यातून कळ, जुलाब, धडधड, घाम. हे खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत होतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी, तेव्हा इन्सुलिन जास्त सुटून रक्तातली साखर खाली जाते, हातपाय थरथरतात, डोकं हलकं होतं. तसं होत असेल तर ग्लुकोमीटरवर मोजून डॉक्टरांना दाखवा, विशेषतः डायबेटिसच्या गोळ्या अजून चालू असतील तर, आणि त्या वेळी स्कूटर चालवू नका. धडधड काही न खाताही झाली किंवा छातीत दुखलं तर मात्र डम्पिंग म्हणून सोडून न देता ईसीजी काढा.

चवथ वर्षातून एकदा येते हे मला कळतं, मीही इथलीच. तुमची चूक पातोळीपेक्षा रिकाम्या पोटाची. आधी थोडं उसळीचं, पनीरचं खाऊन घ्या, मग अर्धी पातोळी, सोबत पाणी नाही, आणि नंतर थोडं आडवं व्हा. मणगण्याला मात्र मी नाहीच म्हणेन, पातळ आणि गोड म्हणजे सरळ घसरगुंडी. आग्रह करणाऱ्या मावश्यांना ‘डॉक्टरने बंद केलंय’ एवढंच सांगायचं, कारण सांगायला गेलात की चर्चा सुरू.

दुधाचं वेगळं. दुधातली साखर फोडणारं एन्झाइम लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जास्त असतं आणि बायपासमध्ये त्यातला बराच भाग वगळला जातो, त्यामुळे ज्याचं आधीच काठावर होतं त्याचं ऑपरेशननंतर उघडं पडतं. दोन आठवडे दूध बंद करून बघा. रात्रभर विरजलेलं दही, ताक, पनीर बहुतेकांना चालतं, चहातलं चमचाभर दूधही. आणि प्रोटीन पावडर घेत असाल तर डबा बघा, साध्या व्हेमध्ये दुधातली साखर असते, आयसोलेटमध्ये फार कमी. दूध सुटलं तर कॅल्शियमचं विसरू नका, सायट्रेटवाली गोळी बायपासमध्ये बरी, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

प्रश्न : आईचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. तीन आठवडे झाले ती जवळजवळ रोज उलटी करते, आता पायाला मुंग्या येतात आणि चालताना झोकांडी जाते. शेजारी म्हणतात अशक्तपणा आहे. काय खायला देऊ? – काणकोण

उत्तर : या मुलीला पत्र वाचल्या वाचल्या फोन केला होता, इतरांसाठी छापतेय. इथे खायला काय द्यायचं हा प्रश्नच नाही. सतत उलट्या होत राहिल्या की बी-१, म्हणजे थायमिन, काही आठवड्यांतच संपतं, आणि मग मुंग्या, झोकांडी, दोन-दोन दिसणं, गोंधळ सुरू होतो. उशीर झाला तर मेंदूची इजा कायमची राहू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल, नाहीतर १०८, आणि गेल्यावर ऑपरेशनचं नाव आणि उलट्या किती दिवसांच्या ते आधी सांगायचं, कारण थायमिन ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी किंवा निदान सोबत द्यावं लागतं.

प्रश्न : बायपासला सव्वा वर्ष झालं. उर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा, सीझन आला, एक ग्लास चालेल? – मडगाव

उत्तर : तुमचा आधीचा एक ग्लास आता एक ग्लास राहिलेला नाही. दारू आता रक्तात फार पटकन आणि जास्त चढते, त्यात तुम्ही उर्राकात गोड लिंबू सोडा घालणार, म्हणजे गॅस वेगळा आणि डम्पिंग वेगळं. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूची सवय लागायचा धोका वाढतो हेही दिसून आलंय, आणि तुम्ही नेमके दुसऱ्या वर्षात आहात. माझं उत्तर नको असंच. तरी कुणाच्या घरी घोटभर घेतलीच तर गाडीची किल्ली त्याच्याकडे द्या, घोटभरच घेतली असली तरी.